रामसिंगची जागा : पल्प नायकांची जुळवणूक आणि एक नैतिक प्रश्न

१

लोकप्रिय साहित्यातील नायकाचा विचार समीक्षेत बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. एक अंग अभिरुचीचे : हा नायक सवंग आहे, साचेबंद आहे, म्हणून तो दुर्लक्षणीय आहे. दुसरे अंग समाजशास्त्रीय : हा नायक त्याच्या काळातील भीतींचा आणि वासनांचा दस्तऐवज आहे, म्हणून तो दखलपात्र आहे. या दोन्ही भूमिका परस्परविरोधी भासत असल्या तरी त्यांच्या मुळाशी एक समान गृहीत आहे. नायक संहितेच्या आत राहतो आणि वाचक संहितेबाहेर उभा राहून त्याच्याविषयी निर्णय देतो, हे ते गृहीत होय. जेथे हे गृहीत मोडते असा एक व्यवहार हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा व्यवहार म्हणजे भूमिकाखेळ. इंग्रजी नावाने ज्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो. चारपाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग उभा करतो आणि ‘आता तुम्ही काय करता?’ असा प्रश्न विचारतो. उरलेली माणसे एकेक पात्र आपल्याकडे घेतात आणि त्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. उत्तराचे फळ काही अंशी नियमांवरून आणि काही अंशी फाशांवरून ठरते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७४ मध्ये या खेळाला छापील रूप दिले. १९७९ साली गायगॅक्सने सूत्रधारांसाठी जी मार्गदर्शिका लिहिली तिच्या एका परिशिष्टात आपल्याला प्रेरक ठरलेल्या लेखकांची यादी दिलेली आहे. एडगर राइस बरोज, रॉबर्ट ई. हॉवर्ड, एच. पी. लव्हक्राफ्ट ही पल्प मासिकांतून पुढे आलेली नावे तिच्यात आहेत. म्हणजे पल्प साहसकथा आणि भूमिकाखेळ यांचे नाते जन्मापासूनचे आहे. पुढे ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१), ‘जस्टिस इन्कॉर्पोरेटेड’ (१९८२), ‘स्पिरिट ऑफ द सेंच्युरी’ (२००६) अशा खेळांनी पल्पचा काळ हीच आपली रंगभूमी केली.

पल्प हा शब्द मुळात कागदाचा. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत, लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदावर छापलेले ‘अर्गसी’ हे मासिक फ्रँक मन्सीने १८९६ साली केवळ कथांना वाहिले आणि अमेरिकेत स्वस्त कथामासिकांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. १९५० च्या दशकात तो मावळला. टारझन (१९१२), झोरो (१९१९), शॅडो (१९३१), कोनॅन (१९३२), डॉक सॅव्हेज (१९३३) हे नायक याच कागदावर आकाराला आले. लेखकाला शब्दांच्या हिशेबाने पैसे मिळत. त्यामुळे थबकून विचार करणे हे पल्प लेखकालाही परवडणारे नव्हते आणि त्याच्या नायकालाही.

खेळ सुरू होण्यापूर्वी एक बैठक होते. तीत संघ ठरतो : एखादा शास्त्रज्ञ हवा, एखादा वैमानिक, एखादा मुष्टियोद्धा, पूर्वेकडची गूढ विद्या जाणणारा कोणी. ही बैठक वरवर पाहता केवळ सोयीची वाटते. परंतु तीत एक अवघड नैतिक प्रश्न दडलेला आहे. नायकाचे गुण त्याच्या जगापासून सोडवून घेता येतात काय? येत नसतील, तर त्या गुणांबरोबर त्या जगाचे जे देणे येते, ते कोणी फेडायचे?

२

या प्रश्नाकडे जाण्यासाठी पल्पमधील संघांची मूळ रचना पाहणे आवश्यक आहे. डॉक सॅव्हेजचे पाच सहकारी आहेत : मंक हा रसायनशास्त्रज्ञ, हॅम हा वकील, रेनी हा स्थापत्य अभियंता, लाँग टॉम हा वीजतज्ज्ञ आणि जॉनी हा पुरातत्त्व व भूगर्भशास्त्राचा जाणकार. प्रत्येकजण आपापल्या क्षेत्रात अग्रगण्य आहे. आणि प्रत्येकाच्या क्षेत्रात डॉक सॅव्हेज त्याच्याहून वरचढ आहे. पाच विद्वान गोळा करण्याचे कथनशास्त्रीय प्रयोजनच हे, की एका माणसाचे श्रेष्ठत्व पाच ठिकाणी मोजता यावे.

शॅडोची व्यवस्था याहून कठोर आहे. ‘द लिव्हिंग शॅडो’ या पहिल्या कादंबरीच्या आरंभी हॅरी व्हिन्सेंट नावाचा तरुण पुलावरून उडी टाकून जीव द्यायला निघालेला असतो. शॅडो त्याला वाचवतो आणि यापुढे हे आयुष्य आपल्या मालकीचे, असे त्याला बजावतो. वाचवणे आणि ताब्यात घेणे या येथे दोन क्रिया नाहीत, एकच आहे.

तिसरे उदाहरण ‘द स्पायडर’चे. हे मासिक ऑक्टोबर १९३३ ते डिसेंबर १९४३ या काळात चालले आणि त्याचे ११८ अंक निघाले. त्यातील बहुतेक कादंबऱ्या नॉर्व्हेल पेजने ग्रँट स्टॉकब्रिज या टोपणनावाखाली लिहिल्या. नायक रिचर्ड वेंटवर्थ हा न्यूयॉर्कचा धनाढ्य गृहस्थ. गुन्हेगारांना ठार करून त्यांच्या कपाळावर तांबड्या कोळ्याची मुद्रा उमटवणारा. त्याच्या पदरी एक बटलर आहे, एक शोफर आहे आणि रामसिंग नावाचा एक हिंदुस्थानी सेवक आहे. रामसिंग सुरीफेकीत निष्णात आहे आणि धन्यासाठी प्राण द्यायला सदैव सिद्ध आहे. त्याचा सर्वांत मोठा गुण एका वाक्प्रचारात सांगता येतो : तो खाल्ल्या मिठाला जागतो. हा गुण पेजने शून्यातून निर्माण केलेला नाही. १८५७ नंतर ब्रिटिश लष्कराने हिंदुस्थानातील काही समाजांना ‘लढवय्या जाती’ ठरवून जी प्रतिमा घडवली, तीच इंग्रजी साहसकथांच्या वाटेने न्यूयॉर्कच्या मासिकापर्यंत पोचली आहे.

टॅलबट मंडीने १९२३ मध्ये ‘ॲडव्हेंचर’ मासिकातून प्रसिद्ध केलेल्या ‘द नाइन अननोन’मध्ये संघ अधिक संमिश्र आहे. ग्रिम, रॅम्सडेन आणि रॉस या गोऱ्या साहसवीरांबरोबर तेथे नारायणसिंग हा शीख आहे आणि चुल्लुंदर घोष हा कलकत्ता विद्यापीठाचा नापास बी. ए. आहे. बंगाली कानाला अपरिचित वाटावे असे नाव धारण करणारा हा बाबू बुद्धीने कोणालाही हार जाणारा नाही, आणि त्याच्या जिभेला मंडीने मोकळीकही दिली आहे. तरीही नेतृत्व आहे ते गोऱ्या साहसवीरांकडे.

या उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. पल्प नायकाचे श्रेष्ठत्व हे उंचीसारखे नाही, ज्येष्ठत्वासारखे आहे. माणूस एकटा असला तरी त्याची उंची मोजता येते. परंतु धाकटे कोणी नसेल तर ज्येष्ठही कोणी नसतो. वेंटवर्थचे धैर्य, त्याचे स्वामित्व, त्याची निर्णयशक्ती ही रामसिंगच्या निर्णयशून्यतेच्या तुलनेत उभी आहेत. ज्याला आपण नायकाचा गुण म्हणतो तो वस्तुतः दोन माणसांमधील संबंध आहे, आणि त्या संबंधाचे केवळ एक टोक आपल्याला दाखवले जाते.

३

भूमिकाखेळात प्रत्येक पात्राचे एक पत्रक असते. त्यावर बळ, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण अंकांत नोंदलेले असतात. या नोंदीचा तात्त्विक परिणाम असा, की जे संबंधरूप होते ते वस्तुरूप होते. वेंटवर्थच्या पत्रकावर ‘धैर्य’ लिहिले जाते. ते कोणाच्या तुलनेत, हे लिहायला तेथे रकाना नसतो.

परंतु खेळाची रचना याच वेळी उलट दिशेनेही काम करते. ‘चॅम्पियन्स’ (१९८१) आणि त्याच प्रणालीवरील ‘जस्टिस इन्कॉर्पोरेटेड’ यांसारख्या खेळांत प्रत्येक खेळणाऱ्याला सामान्यतः सारखेच गुणांक मिळतात आणि त्यांतून त्याने आपले पात्र घडवायचे असते. यामागे न्यायाचा उदात्त विचार असेलच असे नाही. सुटीची संध्याकाळ मोडून आलेला माणूस केवळ दुसऱ्याच्या शौर्याची वाखाणणी करण्यासाठी बसून राहणार नाही, इतका साधा व्यवहार त्यामागे आहे. तरी फळ विलक्षण आहे. पल्पमधील उतरंड खेळात येताच पंगत होते. रामसिंग ज्याच्याकडे आला आहे तो वेंटवर्थच्या मागे उभा राहत नाही, शेजारी बसतो. आणि सूत्रधाराला त्यालाही विचारावे लागते, ‘आता तू काय करतोस?’

हा नियमांनी दिलेला न्याय आहे, आणि त्याचे मोल कमी लेखू नये. मात्र पंगतीत सर्वांना सारखे वाढले म्हणून आजवर पंगतीबाहेर कोण होते, हा प्रश्न मिटत नाही. उलट तो विसरला जाण्याची शक्यता वाढते. समान गुणांकांचा रामसिंग हा वेंटवर्थचा जोडीदार होतो. तो कधीकाळी सेवक होता आणि का होता, याची आठवण पत्रकावरून नाहीशी होते.

काही खेळांनी ही आठवण नियमांतच बसवण्याचा प्रयत्न केला आहे. ‘गर्प्स’ या १९८६ साली निघालेल्या प्रणालीत सामाजिक कलंक नावाची एक उणीव आहे. आपले पात्र ज्याला समाज दुय्यम लेखतो अशा गटातील असेल, तर खेळणाऱ्याला त्याबद्दल काही गुणांक परत मिळतात आणि ते अन्य कौशल्यांवर खर्च करता येतात. खेळाचे संतुलन म्हणून हा हिशेब चोख आहे. परंतु त्याचा नैतिक अर्थ तपासला तर तो अस्वस्थ करणारा आहे : सोसलेल्या अवहेलनेच्या मोबदल्यात उत्तम नेमबाजी मिळते. प्रत्यक्ष इतिहासात अवहेलनेला अशी परतफेड नव्हती; अपमानित माणसाला कोणी जादा बळ मोजून दिले नाही. प्रारब्धाच्या खातेवहीसारखा हा जमाखर्च जगाला मुळातच न्यायी ठरवतो. अन्यायाची नोंद होते, परंतु नोंद होताक्षणीच तो अन्याय फिटतोही.

४

मग खेळ पल्पला काय देऊ शकतो? माझ्या मते त्याचे खरे सामर्थ्य गुणांकांत नसून सूत्रधाराच्या प्रश्नात आहे. कादंबरीला वगळण्याचे स्वातंत्र्य असते. पेजला रामसिंग कोठे झोपतो, त्याला पगार किती, तो कोणाला पत्र लिहितो, हे सांगावे लागले नाही. इतकेच काय, आरंभी हिंदू असलेला हा रामसिंग पुढे शीख झाला. त्याच्या धर्मातील हा बदल कथानकातील घटना नव्हे. ज्या पात्राचा धर्म कथानकात काहीही न घडता बदलू शकतो, त्या पात्राला अंतरंग आहे असे संहितेने मानलेलेच नाही. वेंटवर्थच्या बाबतीत असे घडल्याची कल्पनाही करता येत नाही.

खेळात ही सूट मिळत नाही. समजा, प्रसंग १९३३ च्या न्यूयॉर्कमधला आहे. रात्री पोलीस मोटार अडवतात. वेंटवर्थ आपले नाव सांगतो आणि सुटतो. मग पोलीस रामसिंगकडे वळतात. त्याच्याकडे कोणते कागद आहेत? हा प्रश्न पेजच्या कादंबरीला पडला नाही, कारण तो पडला असता तर कादंबरी थांबली असती. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाचा फार मोठा भाग, हिंदुस्थानासह, निषिद्ध पट्टा म्हणून घोषित केला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हिंदुस्थानी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही आणि म्हणून तो नागरिकत्वाला पात्र नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, ही गोष्ट त्याच्या उपयोगी पडली नाही. हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला तो १९४६ साली, म्हणजे ‘द स्पायडर’ बंद पडल्यावर तीन वर्षांनी. तेव्हा रामसिंगची जी स्वामिनिष्ठा कादंबरीत स्वभावधर्म म्हणून येते, तिच्यामागे एक साधी परिस्थिती असू शकते : या घराचा आश्रय सुटला तर त्याला त्या देशात उभे राहायला जागा नाही. मिठाला जागणे आणि मिठाखेरीज दुसरा आधार नसणे या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक सेवकाला प्रश्न विचारल्यावाचून कळत नाही.

रामसिंगची भूमिका घेतलेला माणूस आणखी मागे जाऊ शकतो. पॅसिफिक किनाऱ्यावर १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. पुढे इराण आणि युरोपच्या वाटेने ते मेक्सिकोत पोचले आणि तेथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी मक्यावर काम केले. गदरवाल्यांवरील सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात एप्रिल १९१८ मध्ये भर न्यायालयात रामचंद्र या नेत्यावर एका सहआरोपीने गोळी झाडली आणि तो हल्लेखोरही तेथेच मारला गेला. त्या हल्लेखोराचे नाव रामसिंग होते. पेजच्या पात्राशी या नावाचा संबंध जोडण्याचे काही कारण नाही. रामसिंग हे नाव सर्वत्र आढळणारे आहे. मुद्दा इतकाच, की ज्या दशकांत पल्पच्या पानांवरील हिंदुस्थानी माणूस धन्याच्या मागे हात बांधून उभा होता, त्याच दशकांत त्याच देशात खरेखुरे हिंदुस्थानी कट रचत होते, शेतात राबत होते, विद्यापीठांत शिकत होते, परस्परांचा विश्वासघात करत होते आणि खंड ओलांडत होते. साहसाचा तुटवडा नव्हता. साहसाचा कर्ता म्हणून त्यांना मान्यता नव्हती.

या अर्थाने भूमिकाखेळ ही संहितेची उलटतपासणी ठरू शकते. संहितेने ज्याला साक्षीला बोलावले नाही त्याला खेळ पिंजऱ्यात उभे करतो आणि उत्तर मागतो. अर्थात ही शक्यता आहे, हमी नव्हे. सूत्रधार पोलिसांना मोटार अडवूच देणार नाही, असेही होऊ शकते.

५

येथे ‘हा तर खेळ आहे’ हा आक्षेप विचारात घ्यायला हवा. योहान हुइझिंगाने ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) खेळाला व्यवहारापासून अलग केलेले, स्वतःच्या नियमांनी बांधलेले क्षेत्र मानले आहे. त्या रिंगणात केलेला वध हा वध नव्हे. मग तेथील स्वामित्व हे तरी स्वामित्व का मानावे?

या आक्षेपाचे उत्तर पुरुषवाचक सर्वनामांत आहे. वाचक नायकाविषयी ‘तो’ म्हणतो. खेळणारा ‘मी’ म्हणतो. डॉक सॅव्हेजच्या कथांतील एक योजना येथे उदाहरणादाखल घेता येईल. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात त्याचे एक गुप्त रुग्णालय आहे. पकडलेल्या गुन्हेगारांच्या मेंदूवर तेथे शस्त्रक्रिया केली जाते, त्यांची पूर्वस्मृती पुसली जाते, मग त्यांना सद्वर्तन आणि एखादा व्यवसाय शिकवून समाजात सोडले जाते. कथेत हे नायकाच्या दयाळूपणाचे लक्षण म्हणून येते, कारण तो शक्यतो कोणाला मारत नाही. ज्या देशात बक विरुद्ध बेल या १९२७ च्या निवाड्याने ‘अपात्र’ ठरवलेल्या माणसांची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरली होती, त्या देशातील वाचकाला ही दया खटकली नसेल तर नवल नाही. आजचा वाचकही ते पान भुवई किंचित उंचावून उलटतो. जे घडले ते ‘त्याने’ केले. परंतु टेबलाशी बसलेल्या माणसासमोर बांधलेला कैदी आहे आणि सूत्रधार विचारतो, ‘तू काय करतोस?’ ‘मी याची स्मृती पुसतो’ हे वाक्य स्वतःच्या तोंडाने उच्चारणे हा वेगळा अनुभव आहे. ते उच्चारताना जीभ अडते. या अडण्याचा विचार तत्त्वज्ञानात झालेला आहे. आपल्या नीतिभावनेला विरोधी असलेल्या भावनांत शिरणे आपल्याला का जड जाते, याची चर्चा ह्यूमने १७५७ सालच्या अभिरुचीविषयक निबंधात केली, आणि तामार गेंडलर यांनी २००० साली तिला कल्पनेच्या प्रतिरोधाचा प्रश्न म्हणून नव्याने मांडले.

भारतीय काव्यशास्त्रातूनही या अनुभवाकडे पाहता येते. अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादात भाव ‘माझा’ही नसतो आणि ‘त्याचा’ही नसतो, साधारणीकरणाने तो व्यक्तिसंबंधातून मोकळा होतो. स्वगत किंवा परगत सुखदुःखात गुंतणे हे त्याने रसविघ्नांपैकी एक मानले आहे. ही सारी उपपत्ती नट आणि सहृदय यांच्यातील अंतर गृहीत धरते. भूमिकाखेळात हे अंतर राहत नाही. तेथे नटच सहृदय असतो, आणि शिवाय त्या क्षणी संहिता रचणारा कवीही तोच असतो. भाव मोकळा होण्यापूर्वी त्याला निर्णयाच्या दारातून जावे लागते. तेव्हा काव्यशास्त्राने जे विघ्न मानले तेच येथे विवेकाचे स्थान होते, असे म्हणता येईल. खेळाचे रिंगण कृतीच्या परिणामांपासून आपले रक्षण करते. परंतु कृती निवडल्याच्या जाणिवेपासून ते रक्षण करू शकत नाही.

६

संघ जुळवणाऱ्यांपुढे सामान्यतः दोन मार्ग मांडले जातात. पहिला काळाशी निष्ठेचा : पल्प जसे होते तसे खेळावे, त्या काळाला आजची नीती लावू नये. दुसरा शुद्धीकरणाचा : नायक घ्यावेत, त्यांचे पूर्वग्रह गाळून टाकावेत, वर्णभेद, वंशश्रेष्ठत्व यांचा खेळात उल्लेखही नको.

पहिल्या मार्गाची मुख्य अडचण ही, की तो काळाला जेवढा अज्ञानी समजतो तेवढा तो काळ नव्हता. १९३९ साली सुरू झालेल्या ‘द ॲव्हेंजर’मध्ये नायकाच्या संघात जॉश आणि रोझाबेल न्यूटन हे कृष्णवर्णीय दांपत्य आहे. दोघेही टस्कीगीचे पदवीधर आहेत. परक्यांसमोर मात्र जॉश आळसावलेल्या, अडाणी नोकराचे सोंग घेतो, कारण गोऱ्या माणसाच्या डोळ्यांना तेवढेच दिसते आणि ज्याची दखल कोणी घेत नाही त्याला हेरगिरी सोपी जाते. म्हणजे हा ठसा एक मुखवटा आहे, हे स्वस्त कागदावर लिहिणाऱ्या लेखकालाही ठाऊक होते आणि वाचकाला ते कळेल याची त्याला खात्री होती. ‘त्या काळी कोणाला कळत नव्हते’ हा बचाव पल्पची पानेच खोडून काढतात. निष्ठेच्या नावाखाली आपण काळाशी नव्हे, तर काळातील सर्वांत सोयीच्या आवाजाशी निष्ठा राखत असतो.

दुसरा मार्ग सद्भावनेचा आहे, आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. जॉशचा मुखवटा काढून घेतला तर त्याचे कौशल्यही जाते. ज्या जगात कोणी कोणाला तुच्छ लेखत नाही त्या जगात जॉशच्या सोंगाला अर्थ नाही, त्याच्या संयमाला अर्थ नाही, रोझाबेलच्या धास्तीला अर्थ नाही. अन्याय पुसताना अन्यायाविरुद्धची बुद्धिमत्ताही पुसली जाते. शुद्धीकरण नायकाला निर्दोष करते खरे, परंतु त्याचे मोल दुसऱ्याने आपल्या इतिहासाने चुकवायचे असते. डॉक सॅव्हेजच्या रुग्णालयातील शस्त्रक्रियेशी याचे साम्य आहे : स्मृती काढून टाकायची आणि मग सद्वर्तनी म्हणून समाजात सोडायचे.

अलीकडच्या काही कृतींनी तिसरी दिशा दाखवली आहे. लव्हक्राफ्टची ‘द हॉरर ॲट रेड हुक’ (१९२७) ही वंशद्वेषाने भरलेली कथा घेऊन व्हिक्टर लाव्हाल यांनी २०१६ मध्ये ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ ही लघुकादंबरी लिहिली आणि तेच घटित हार्लेममधील एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने मांडले. ख्रिस स्पायव्ही यांच्या ‘हार्लेम अनबाउंड’ने (२०१७) भूमिकाखेळात हेच केले, तेथे कृष्णवर्णीय हार्लेम हे केंद्र आहे आणि वंशद्वेष हा त्या जगाचा खराखुरा, रोज सामोरे जावे लागणारा धोका आहे. या दोन्ही कृतींत मूळ संहिता नाकारलेलीही नाही आणि धुऊन काढलेलीही नाही. तिच्याकडून हिशेब मागितलेला आहे.

७

या चर्चेवरून संघाची जुळवणूक कशी असावी याविषयी काही म्हणता येईल काय? संघाला एकत्र बांधणारे तत्त्व कोणते, यावर बरेच अवलंबून आहे. फिलिप होजे फार्मरने ‘टारझन अलाइव्ह’ (१९७२) आणि ‘डॉक सॅव्हेज : हिज अपॉकॅलिप्टिक लाइफ’ (१९७३) या ग्रंथांत टारझन, डॉक सॅव्हेज, शेरलॉक होम्स आदी नायकांची एकच वंशावळ रचली. १७९५ साली यॉर्कशरमधील वोल्ड न्यूटन येथे खरोखरच एक उल्का पडली होती. फार्मरच्या कल्पनेत त्या वेळी जवळून घोडागाड्यांतून चाललेल्या कुलीन मंडळींच्या रक्तात तिच्या किरणोत्साराने बदल झाला आणि हे सारे नायक त्यांचे वंशज. ही रचना विनोदबुद्धीची आणि अफाट व्यासंगाची आहे. परंतु तिच्यात नायकत्व रक्तात उतरते, आणि गाडीत कोण बसले होते यावर पुढील दीडशे वर्षांचे नायक ठरतात. रामसिंगचे पूर्वज त्या गाडीत असणे शक्य नव्हते.

‘स्पिरिट ऑफ द सेंच्युरी’मध्ये बांधणारे तत्त्व रक्त नसून काळ आहे, नायक १ जानेवारी १९०१ रोजी, शतकाच्या पहिल्या दिवशी जन्मलेले असतात. त्याहून महत्त्वाची आहे ती पात्ररचनेची रीत. प्रत्येक खेळणारा आपल्या नायकाची एक काल्पनिक कादंबरी योजतो आणि तिला शीर्षक देतो. मग त्याचा नायक दुसऱ्या दोघांच्या कादंबऱ्यांत दुय्यम पात्र म्हणून पाहुणा जातो, आणि दुसऱ्यांचे नायक त्याच्या कादंबरीत पाहुणे येतात. म्हणजे या खेळात नायक होण्याची अटच ही, की तुम्ही कोणाच्या तरी कथेत दुय्यम असले पाहिजे. माझ्या मते पल्पच्या उतरंडीला दिलेले हे सर्वांत समर्पक उत्तर आहे. ते श्रेष्ठत्व वाटून टाकत नाही, तर त्याचा संबंधरूप स्वभाव उघड करून दोन्ही टोके दाखवते. वेंटवर्थच्या ११८ अंकांत रामसिंग होता. आता रामसिंगच्या एका कादंबरीत वेंटवर्थने पाहुणा म्हणून यावे : आपल्या घरातील माणूस रात्री कोणाला भेटायला जातो, हे न कळलेला एक श्रीमंत मालक म्हणून.

अर्थात या रीतीलाही मर्यादा आहे. पाहुणचार सममूल्यांत शोभतो. सेवक आणि धनी यांनी आळीपाळीने एकमेकांकडे पाहुणे जावे, एवढ्याने सेवकाचे मागील आयुष्य भरून येत नाही. टेबलाभोवती बसलेले सगळे खेळणारे सुस्थितीतील असतील, तर रामसिंगचे कागद हाही त्यांच्या मनोरंजनाचा एक घटक होऊन बसेल. दुसऱ्याचे दुःख भूमिका म्हणून अंगावर घेणे आणि ते दुःख बळकावणे यांतील सीमारेषा कोणताही नियम आखून देऊ शकणार नाही. ती प्रत्येक बैठकीत पुन्हा शोधावी लागेल, आणि कधी कधी खेळ थांबवावाही लागेल.

तरीही निवड करणाऱ्याची जबाबदारी नाहीशी होत नाही. आपण डॉक सॅव्हेज घेतो तेव्हा त्याचे रुग्णालयही घेतो. शॅडो घेतो तेव्हा हॅरी व्हिन्सेंटचे गहाण पडलेले आयुष्य घेतो. वेंटवर्थ घेतो तेव्हा त्याच्या घरातील ती खोली घेतो, जिच्यात रामसिंग झोपत असे. हे देणे नको म्हणून नायकच टाकून देणे हा एक पर्याय आहे, आणि त्याला प्रतिष्ठाही आहे. परंतु त्यामुळे ती खोली बंदच राहते. संघ जुळवताना कोणीतरी रामसिंगचे पत्रक उचलावे, त्यावरचा धर्माचा रकाना वाचावा आणि तो मध्येच का बदलला, असे त्यालाच विचारावे, यात समीक्षेचेच काम आहे. फक्त ते टेबलाशी बसून, प्रथमपुरुषी करायचे आहे.